मोपासाँचा ‘हार’ की चेखॉव्हचं ‘दुःख’?

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं (स्थापना १८४०) नवं कार्ड काढलेल्या भाचीला मी आधी फ्रेंच लेखक मोपासाँची ‘हार’ ही कथा (१८८४) सुचवली. ती लगेच पकड घेते: उसना दागिना हरवतो, कर्ज फेडता फेडता दहा वर्षं जातात, आणि तो निघतो खोटा! पण धक्का एकदाच बसतो.

रशियन लेखक चेखॉव्हची ‘दुःख’ (१८८६) मला आधी अजिबात आवडली नव्हती. काही घडतच नाही, असं वाटायचं. पुन्हा वाचली तेव्हा त्यातला घोडागाडीवाला इओना दिसला. मुलगा गेलाय, अंगावर बर्फ साचलाय, आणि गिऱ्हाइकं नुसती घाई करताहेत. ऐकणारं कुणी नाही म्हणून तो घोडीलाच सांगतो: समज, तुझं शिंगरू गेलं तर? सीबीएस बसस्थानकाबाहेर रात्री भाड्याची वाट बघणाऱ्या रिक्षावाल्याशी मी आता दोन शब्द बोलतेच.

विकत घेऊन घरात ठेवायची तर चेखॉव्हचीच.