हुरडा दहापैकी दहा, बुफे दहापैकी चार

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा जण, म्हणजे मी, बायको, दोन पोरं, आई आणि मेहुणा, मोरगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन सुप्याच्या बाजूला एका कृषी पर्यटनवाल्यांकडे हुरडा खायला गेलो. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं चांगली आहेत. गेटवर इंग्रजीत हा मोठ्ठा बोर्ड, 'फार्म टू टेबल'. आईने विचारलं काय लिहिलंय, म्हटलं शेतातलं थेट टेबलावर. आत गेलो तर झाडाखाली बाजा आणि सतरंज्या. "मग टेबल कुठाय रे?" इथूनच सुरुवात झाली.

रेट मोठ्यांना 850, लहानांना 500, त्यात नाश्ता, हुरडा, जेवण आणि बैलगाडीची एक चक्कर. आई करमाळ्याकडची. तिच्या माहेरी थंडीत पाहुणा आला की त्याला वावरात न्यायचं आणि हुरडा खाऊ घालायचा, त्याचे पैसे घ्यायचे हे तिच्या डोक्यातच बसेना, मोरगावपासून गाडीत हाच विषय चालू होता.

नाश्त्याचे पोहे ठीक. त्यावर जास्त लिहीत नाही.

हुरडा मात्र काय सांगू! जमिनीत हातभर खड्डा, म्हणजे आगटी, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि ज्वारीची कोवळी कणसं राखेत खुपसलेली, दांडे तेवढे बाहेर. शेजारी एक मावशी बसलेल्या. कणीस ओढायचं, झटकायचं आणि गरम गरमच दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, की दाणे टपाटपा सुपात, मग सूप दोनदा पाखडलं की फोलपटं उडून जातात आणि खाली हिरवेगार ओलसर दाणे उरतात. ते पळसाच्या द्रोणात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ, गोडी शेव, रेवड्या आणि कवडीचं दही. मी शहाणपणा करून द्रोण भरून घेतला आणि फोटो काढत बसलो तर मावशी म्हणाल्या, "साठवू नका दादा, गरम हाय तवर तोंडात टाका, गार झाला का चिवट हुतो." खरंच, पाच मिनिटांनी तोच दाणा रबरासारखा लागला. गरम असताना आधी धुरकट, मग गोड, आणि दाताखाली फुटला की आत दूध.

मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळतं, तो म्हणाला ही मालदांडी जातीची ज्वारी. मालक हसले. मालदांडी भाकरीची, तिचा दाणा बोंडातून असा सहज सुटत नाही, हुरड्याला गुळभेंडी लागते, आणि यंदा अर्धा एकर राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले मधुर' ही जात पण लावलीय म्हणाले. दाणा हुरड्याच्या अवस्थेत जेमतेम आठवडाभर टिकतो, नंतर गोडी जाऊन पीठ धरायला लागतो, म्हणून हे लोक सगळं रान एकदम न पेरता मागंपुढं पेरतात, तेव्हा कुठे डिसेंबर ते फेब्रुवारी पाहुण्यांना हुरडा मिळतो. तीन तुकडे फिरून दाखवले, एकात दाणा अजून पाणचट, एक तयार, आणि तिसरा कडक झालेला, तो आता ज्वारीसाठी ठेवलाय. बैलगाडीपेक्षा हे वीस मिनिटं भारी होते, पण पॅकेजमध्ये हे लिहिलेलंच नाही, आपण विचारलं तरच दाखवतात.

परत आलो तर आई मावशींच्या शेजारी मांडी घालून कणसं चोळत बसलेली, तळवे काळेकुट्ट, आणि हिंजवडीवरून आलेल्या पोरापोरींना "घे बाळा, लाजू नको" करून वाढत होती. त्यातल्या एकाने तिलाच विचारलं, मावशी पाण्याची बाटली मिळेल का. आई म्हणे, "माठ हाय की तिकडं." पैशाचा विषय तिथे जो बंद झाला तो झाला.

आता जेवण. चुलीवरची भाकरी, वांग्याचं भरीत, पिठलं, मेथीची भाजी, ठेचा, हे सगळं एक नंबर, भरताला तर वांगं आगटीतच भाजलेलं. पण त्याच्या शेजारी झाकणाच्या चकचकीत भांड्यांत पनीर बटर मसाला, जिरा राईस, गुलाबजाम! अहो हे खायला आम्ही पुण्याहून कशाला येऊ? मावशींना हळूच विचारलं यातलं शेतातलं काय काय. "वांगी, मेथी, मिरच्या, कांदा आपला. पनीर डेअरीचं. लोक मागत्यात, काय करता." त्यांच्या प्रामाणिकपणाला मार्क. पण पनीरला अख्खा काउंटर आणि दोन पोरं उभी, आणि भाकऱ्या थापायला सत्तर-ऐंशी माणसांत एकच बाई, त्यामुळे रांग वीस मिनिटांची आणि जी मिळाली ती टोपलीतली गार. तो काउंटर बंद करून दुसरी चूल पेटवली असती तरी माझी तक्रार संपली असती. वरून स्पीकरवर गाणी दणादण, माळरानावर शांत बसावं म्हटलं तर बोलायला ओरडावं लागतं, आणि इथून चिंकारांचं अभयारण्य काही लांब नाही हो.

बिल देताना नेटवर्क नाही, कॅश ठेवा जवळ. काउंटरच्या मागे कृषी पर्यटनाच्या नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, बाथरूम स्वच्छ, पार्किंग भरपूर.

जायचं तर रविवार टाळा, सकाळी साडेनऊ-दहाला पोचा, पोहे कमी खा आणि आगटीजवळची जागा धरा. बुकिंगच्या फोनवर कणसं घरच्या रानातली आहेत का विकत आणलेली हे विचारून घ्या, काही ठिकाणी बाहेरून पेंढ्या आणतात. आणि लोकरीचं काही घालू नका, मेहुण्याच्या स्वेटरमधली कूस, म्हणजे कणसाची बारीक टोचरी लव, दोन धुण्यांनंतरही निघालेली नाही, तो अजून मान खाजवतोय.