नाव झाकलेली खोली घ्यावी की नावासकट?

मामेभाऊ नुकताच डॅलसहून न्यू जर्सीला आलाय. जूनमध्ये मामा-मामी येणार, म्हणून परवा त्याचा फोन आला. "दादा, तू पूर्वी बोली लावून हॉटेलं घ्यायचास ना? नायगाराला तसंच करू का?" अर्धा तास बोललो, तरी बरंच सांगायचं राहिलं. शिवाय हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच.

पहिली गोष्ट, ती बोली आता राहिलेली नाही. प्राइसलाइन ही प्रवासाच्या बुकिंगची वेबसाइट 1998 साली सुरू झाली तीच मुळी 'किंमत तुम्ही सांगा' या कल्पनेवर. शहराचा विभाग निवडायचा, किती तारे ते सांगायचं, आकडा टाकायचा आणि आधीच कार्डाचा नंबर देऊन मोकळं व्हायचं. बोली लागली की पैसे कापले जायचे आणि मगच हॉटेलचं नाव कळायचं. नाही लागली तर तशीच बोली पुन्हा लावायला 24 तास थांबा. त्यातही पळवाट होतीच. ज्या विभागात चार तारेवालं एकही हॉटेल नाही तो विभाग यादीत जोडायचा, म्हणजे बोली 'बदलली' असं धरलं जायचं आणि लगेच दुसरा आकडा टाकता यायचा. मुलं झोपली की मी वही घेऊन बसायचो, साठ डॉलरपासून पाच-पाचने वर. "सत्यनारायणाला एवढा वेळ बसत नाहीस," हे बायकोचं ठरलेलं वाक्य. बॉस्टनला कॉपली चौकाजवळ चार तारेवाली खोली पंच्याऐंशीला लागली, त्या रात्री मी तिला झोपेतून उठवून सांगितलं होतं. तिला त्याचं विशेष वाटलं नाही.

विमानतिकिटांची बोली 2016 मध्ये बंद झाली, हॉटेलांची त्यानंतर. मागे उरली ती झाकलेली खोली: प्राइसलाइनवर एक्सप्रेस डील, हॉटवायर या तशाच साइटवर हॉट रेट. किंमत दिसते, विभाग आणि तारे दिसतात, नाव पैसे भरल्यावर. या दोघांत डावं-उजवं करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्या दिवशी जिथे स्वस्त, तिथे घ्या. खरा प्रश्न आहे तो झाकलेली घ्यावी, की नाव बघून, रद्द करता येईल अशी घ्यावी हा.

स्वस्त का मिळतं हे लक्षात घेतलं तर निवड सोपी जाते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. मंडईत संध्याकाळी कोथिंबिरीचा भाव पडतो ना, तसंच. पण सकाळी पूर्ण भाव देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला तो पडलेला भाव कळू नये, म्हणून नाव झाकायचं. आणि पडत्या भावात घेताना जुडी आपण निवडत नाही, भाजीवाली उचलून देईल ती घ्यायची.

फरक किती पडतो? माझ्या अनुभवात साधारण चौथा हिस्सा वाचतो. मोठ्या शहरातल्या कचेऱ्यांच्या भागात शनिवार-रविवारी जास्त वाचतो, कारण कामानिमित्त येणारे तेव्हा नसतात. कधी कधी मात्र पाच-सात डॉलरसाठी हा सगळा आटापिटा होतो. रिसॉर्ट फीचा, म्हणजे खोलीच्या भावावर हॉटेल लावतं त्या जादा आकाराचा, जुना वैताग थोडा कमी झालाय. मे 2025 पासूनच्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमामुळे ती दाखवलेल्या भावातच धरावी लागते. पार्किंगचं मात्र स्वतः बघा. शिकागोसारख्या ठिकाणी एका रात्रीच्या पार्किंगमध्ये सगळी बचत जाऊ शकते, आणि नाव माहीत नसताना पार्किंगचा दर बघणार तरी कुठे?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते पलंगामुळे.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. नायगाराची अमेरिकेकडची बाजू, जुलै, झाकलेली खोली. सात तास गाडी चालवून, वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, रात्री दहाला पोचलो. चौघांसाठी दोन खोल्या घेता आल्या असत्या, पण 'दोन क्वीन, म्हणजे दोघा-दोघांचे पलंग, असतीलच की' म्हणून मी एकच घेतली होती. दार उघडलं तर मधोमध एकच भला मोठा किंग पलंग. खाली काउंटरवर गेलो. मुलगी बिचारी नम्र होती. दोन पलंगांच्या खोल्या संपल्या, चाकाची जादा खाट होती ती दुसऱ्यांना दिली, आणि पलंगाचा प्रकार तर 'विनंती'त मोडतो. चूक तिची नव्हतीच, बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. परत वर आलो तोवर आईने, गुडघ्याचं दुखणं असताना, कपाटातली जादा रजई गालिच्यावर अंथरली होती. "मला खालीच बरं वाटतं रे." बाबा पलंगाच्या काठाला बसून म्हणाले, "किती वाचले?" मी आकडा सांगितला. एकतीस डॉलर. ते काहीच बोलले नाहीत.

तेव्हापासून घरची मोठी माणसं बरोबर असली की मी झाकलेलं घेत नाही. हल्ली काही डीलमध्ये पलंग निवडता येतो असं दिसतं, आणि तुमचा अनुभव वेगळा असेलही. पण नावासकट घेतलेल्या खोलीत निदान फोन कुणाला करायचा हे आधीपासून माहीत असतं. मी आदल्या दिवशी थेट हॉटेललाच फोन करतो आणि दोन पलंग, खालचा मजला, लिफ्टजवळ असं सांगून ठेवतो. शिवाय भारतातून आलेल्या माणसाचं पोट बिघडलं, पाय सुजले की बेत बदलतो, आणि झाकलेल्या खोलीचे पैसे परत मिळत नाहीत. साखळीतल्या हॉटेलचे नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळणारे पॉइंटही बहुतेक वेळा हातचे जातात, पण ते मी फारसं मोजत नाही.

दोघंच असू, एकच रात्र, पहाटेचं विमान, तर झाकलेलं खुशाल घ्या. आम्ही अजूनही घेतो. विमानतळाजवळच्या खोलीत पलंग कसा का असेना, पाच तास तर पडायचं.

भावाने शेवटी नावासकट, दोन क्वीनची, रद्द करता येणारी खोली घेतली. झाकलेलीपेक्षा अडतीस डॉलर महाग. रात्री त्याचा मेसेज आला, "दादा, तीच खोली उद्या स्वस्त झाली तर?" मी लिहिलं, आधीची रद्द कर आणि तीच पुन्हा घे, फुकट आहे. मग सवयीने माझ्याकडेही नायगाराची झाकलेली यादी उघडून बघितली. साडेतीन तारे, धबधब्याजवळ, आणखी नऊ डॉलर उतरली होती. त्याला सांगितलं नाही.