गेम क्राफ्टर: क्राउडफंडिंगच्या आधी नमुना छापून घ्यायला कितपत उपयोगी?

एकच प्रत छापायची आहे म्हटल्यावर ऑफसेट छापखाना सहसा काम घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्लेट बनवा, डाय (कापायचा साचा) बनवा, मशीन लावा, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवा. हा सगळा खर्च एकाच खोक्यावर पडला तर कुणालाच परवडणार नाही. म्हणून बोर्ड गेम बनवणाऱ्या कारखान्यांची किमान ऑर्डर साधारण ५०० ते १००० प्रतींपासून सुरू होते. क्राउडफंडिंगला, म्हणजे खेळ बनवण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे जमवायला, मात्र कॅमेऱ्यासमोर मांडता येईल, समीक्षकाच्या हातात देता येईल असा खेळ आधीच लागतो. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर तर भौतिक वस्तूचा खरा नमुना दाखवावाच लागतो. नसलेली वस्तू असल्यासारखी भासवणारी हुबेहूब संगणकीय चित्रं तिथे चालत नाहीत.

ही अडचण गेम क्राफ्टर सोडवतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची ही कंपनी २००९ पासून मागणीप्रमाणे छपाई करते आणि अगदी एक प्रतही छापून देते. चुका पकडण्याचं साधन म्हणून ही सेवा पैसे वसूल करून देणारी आहे. खेळाचं उत्पादनच इथून करू म्हणाल, तर पाच-पंचवीस प्रतींच्या पुढे गणित बसत नाही. आणि एक अट आहे: छापायचं इथे, पण आखणी पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या हिशेबाने करायची. ही अट पाळली नाही तर नमुना सुंदर होतो आणि क्राउडफंडिंगच्या मोहिमेनंतर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

कामाची पद्धत सोपी आहे. खातं उघडायचं, खेळ तयार करायचा आणि त्यात एकेक घटक जोडत जायचं: पत्त्यांची गड्डी, पट, चकत्या, नियमपुस्तिका, खोका. प्रत्येक घटकाचं टेम्प्लेट उतरवून घेता येतं आणि घटक जोडला की प्रतीची किंमत किती वाढली हे लगेच दिसतं. दहा लाकडी सोंगट्या काढून टाकल्या तर काय वाचतं, हे ऑर्डर न देताच कळतं. खेळाची काटछाट करायला याहून चांगली जागा नाही.

पोकर आकाराचा पत्ता अडीच बाय साडेतीन इंच. त्याची फाइल ८२५ बाय ११२५ पिक्सेलची लागते, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा कड. कापल्यावर ७५० बाय १०५० पिक्सेल उरतात. त्यातही मजकूर आणि चिन्हं आतल्या ६७५ बाय ९७५ च्या चौकटीतच बसवायची. ही चौकट उगाच आखलेली नाही. छपाईत कागद थोडा सरकतो, कापताना आणखी थोडा, आणि दोन्ही सरकणं एकाच दिशेने झालं की कडेचा आकडा अर्धा कापला जातो. सगळ्यात जास्त फसवते ती पत्त्याभोवतीची बारीक किनार. एक मिलिमीटरची काळी चौकट पडद्यावर रेखीव दिसते. छापून आल्यावर डावीकडे दीड आणि उजवीकडे अर्धा मिलिमीटर असते, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. किनार हवीच असेल तर ती पाच-सहा मिलिमीटर जाड ठेवा, नाहीतर चित्र सरळ ब्लीडपर्यंत जाऊ द्या.

आता पत्त्यांच्या संख्येकडे या, कारण खरा पैसा तिथे आहे. इथे पोकर पत्ते एका शीटवर १८ बसतात, म्हणून १९ वा पत्ता घातला की दुसरी शीट सुरू होते. मोठ्या कारखान्यांत शीटला सहसा ५४ किंवा ५५ पत्ते बसतात. ५४ म्हणजे १८ ची तिप्पट, त्यामुळे गड्डी ५४ किंवा १०८ ची ठेवली तर नमुना आणि उत्पादन दोन्हीकडे कागद पुरेपूर वापरला जातो. ६० पत्त्यांचा खेळ दोन्हीकडे महाग पडतो. वरचे सहा पत्ते खेळाला खरंच हवे आहेत का, हे मोहिमेच्या आधी ठरवायचं असतं. स्ट्रेच गोल (लक्ष्याहून जास्त पैसे जमले तर द्यायची भर) म्हणून 'आणखी १० पत्ते' जाहीर करणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा. पत्ते फुकट वाढत नाहीत, कधीकधी नव्या शीटचाच खर्च अंगावर येतो.

रंगांच्या बाबतीत अपेक्षा जरा खाली ठेवा. पडद्यावरचे झगमगीत निळे-हिरवे रंग शाईत उतरत नाहीत आणि गडद चित्रं आणखी गडद होतात. रात्रीचं दृश्य असलेल्या पत्त्यांची चमक आधीच थोडी वाढवून घ्यावी. चार खेळाडूंचे रंग ठरवताना लाल-हिरव्याची जोडी टाळावी, नाहीतर प्रत्येक रंगाला वेगळं चिन्ह द्यावं; रंगांधळेपण असलेला खेळाडू टेबलावर येतोच. पत्त्यांना लिननचा (कापडासारखा) पोत किंवा यूव्ही (संरक्षक) थर घेता येतो. लिनन घेतला तर पत्ते पिसायला बरे पडतात, मात्र बारीक रेषांचं चित्र त्यात किंचित मऊ दिसतं.

फाइल चढवली की प्रत्येक चित्रावर कापण्याच्या रेषेचा मुखवटा ठेवून ते तपासावं लागतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बरेच जण भराभर 'ठीक आहे' दाबत पुढे जातात. तसं करू नका, पण तेवढ्यावर विसंबूनही राहू नका. मुखवटा कापाकापीची चूक दाखवतो. पाठ उलटी आली आहे का, हे त्याला कळत नाही. पूर्ण गड्डीला एक पाठ देता येते आणि एखाद्या पत्त्याला वेगळीही. गोंधळ नेमका इथे होतो: आडव्या पत्त्याची पाठ १८० अंशांत फिरलेली, किंवा घटनापत्त्यांना खजिन्याची पाठ. उपाय एकच. गड्डी ऑर्डर करण्याआधी साध्या कागदावर पुढची-मागची बाजू छापून दहा पत्ते कापून बघायचे.

पत्त्यांवरचा मजकूर बदलत राहणार असेल तर चित्रं एकेक हाताने बनवू नका. स्प्रेडशीटच्या एका ओळीचा एक पत्ता, अशी मांडणी करून फाइली एकगठ्ठा काढायच्या. गेम क्राफ्टरचंच कंपोनंट स्टुडिओ हे काम ब्राउझरमध्ये करतं. विंडोजवर नॅनडेक फुकट मिळतं, फक्त ते शिकायला चिकाटी लागते.

चकत्या आणि टोकनांत नमुना व कारखाना यांतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा तपकिरी असतात, कधी बोटाला काजळी लागते. कोरड्या फडक्याने पुसून घेतलेलं बरं. कारखान्यात हेच तुकडे पोलादी डायने पंच होतात आणि कड स्वच्छ येते, पण डायच्या पात्यांना आपल्या अडचणी असतात. दोन आकारांत पुरेशी जागा सोडावी लागते, फार टोकदार कोपरे आणि फार नाजूक मानेचे आकार फाटतात. लेझर काहीही कापतो, म्हणून नमुन्यात चाललेला कंगोरेदार आकार कारखाना नाकारू शकतो. कारखान्याला आकाराची रूपरेषा आधीच पाठवून विचारलं तर हा धक्का टळतो.

लाकडी ठोकळे, सोंगट्या, फासे, मणी यांचा इथला साठा भरपूर आहे आणि नमुन्याला तो पुरतो. मात्र त्या साठ्यातली नेमकी छटा किंवा नेमका आकार तुमच्या कारखान्याकडे असेलच असं नाही. नियमपुस्तिकेत 'जांभळी सोंगटी' छापून टाकण्याआधी कारखान्याच्या यादीत जांभळा रंग आहे का ते बघा.

खोक्यांचं म्हणाल तर आकार ठरलेले आहेत, त्यातूनच निवडावा लागतो. कडक पुठ्ठ्याचा स्टाउट बॉक्स दणकट असतो. धोका असा की 'शोभून दिसतं' म्हणून मोठं खोकं घेतलं जातं, त्याचाच फोटो मोहिमेच्या पानावर जातो आणि मग तोच आकार गळ्यात पडतो. कुरियर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन असं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. ३० बाय ३० बाय ७ चं खोकं म्हणजे १.२६ किलोचे पैसे, आत सामान अर्धा किलो असलं तरी. तेच सामान २५ बाय १८ बाय ५ मध्ये बसलं तर आकारमान ०.४५ किलो, म्हणजे पैसे खऱ्या अर्ध्या किलोचेच. मोहिमेत पैसे लावणाऱ्या हजार पाठीराख्यांच्या हिशेबात ही तफावत नफा-तोटा ठरवते. आतलं सामान खोक्यात मोजून बसवायचं, आणि पत्त्यांना स्लीव्ह (प्लॅस्टिकची पाकिटं) घातल्यावरही झाकण बसतंय ना ते बघायचं.

ऑर्डर कधी द्यायची? पहिल्या दहा आवृत्त्यांसाठी अजिबात नाही. तोवर साधा कागद, जुने पत्ते आणि स्लीव्ह पुरेत. खेळ फक्त नियमपुस्तिका वाचून, कुणीही न समजावता, अनोळखी मंडळींनी खेळून दाखवला की मगच पहिली एक प्रत मागवा. ती दुरुस्तीसाठी. दुरुस्त्या करून दुसरी एक प्रत, ती फोटो आणि व्हिडिओसाठी. ती नीट आली की समीक्षकांच्या प्रती एकदम मागवा. एकाच वेळी मागवल्या तर दरही उतरतो. पहिल्याच फटक्यात दहा प्रती मागवणारे दहा चुकीच्या प्रती घेऊन बसतात. वेळेचं गणित सैल ठेवा: उत्पादनाची रांग असते, वर्षाच्या शेवटी ती वाढते, त्यात परदेशी टपाल आणि सीमाशुल्क. समीक्षकांनाही प्रत हातात पडल्यापासून सहा ते आठ आठवडे लागतात. समीक्षकाच्या खोक्यावर आणि पानावरही 'हा नमुना आहे, अंतिम प्रत नव्हे' असं ठळक लिहा.

सगळ्यात मोठा सापळा किमतीचा. इथे एका प्रतीला जे पडतं त्यावरून मोहिमेतली किंमत ठरवू नका. कारखान्याकडून कोटेशन घ्या: पत्ते किती, कागद किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), पुठ्ठा किती मिलिमीटर, खोक्याचं माप, ५००, १००० आणि २००० प्रतींचे वेगवेगळे दर. विक्रीची किंमत त्या दराच्या चार-पाच पट धरायचा प्रघात आहे. समजा दर ८ डॉलर आणि किंमत ४०. किकस्टार्टरचे ५ टक्के आणि पैसे वळते करण्याचे ३ टक्के व वर थोडी ठरावीक रक्कम, मिळून ९ टक्के गेले तर हातात ३६.४ उरतात. १००० प्रतींचे ८००० आणि जहाजाचे १५०० धरले तर नुसती छपाई निघायलाच २६१ पाठीराखे हवेत, चित्रकाराचे पैसे आणि घरपोच टपाल वेगळं. मोहिमेत किती पैसे जमवायचे ते लक्ष्य या हिशेबातून काढायचं. किकस्टार्टरवर पूर्ण लक्ष्य गाठलं तरच पैसे मिळतात, म्हणून मुद्दाम छोटा आकडा टाकायचा मोह होतो. छोटं लक्ष्य गाठून १००० प्रती छापणं बंधनकारक झालं, तर ती मोहीम अयशस्वी होण्यापेक्षा वाईट.

काही गोष्टी या सेवेकडून मिळणारच नाहीत. इथे चढवायच्या पीएनजी फाइलींत सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) नसतंच. कारखान्याला मात्र सीएमवायके पीडीएफ आणि डायची रेषा वेगळ्या थरात लागते. मूळ थरांच्या फाइली जपल्या नसतील तर सगळी मांडणी नव्याने करावी लागेल. युरोपातली ईएन ७१ सारखी खेळण्यांची सुरक्षा चाचणी उत्पादनाच्या मालावर होते, नमुन्यावर नाही. आणि इथली प्रत कितीही देखणी आली तरी कारखान्याची उत्पादनपूर्व प्रत हातात घेऊन तपासल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये.

१८ पत्ते आणि एक छोटी पुस्तिका एवढाच खेळ असेल, तर जवळच्या डिजिटल छापखान्यात जाड कागदावर छापून कोपरे गोल करून घेतले तरी फोटोपुरतं काम होतं. चकत्या, पट, लाकडी सामान आणि खोकं एकत्र लागणार असेल तेव्हा गेम क्राफ्टरला पर्याय कमी आहेत. सामान जितकं मिसळीचं, तितकी ही सेवा फायद्याची.