जुन्या बेसचा आवाज स्वस्तात: तारा बदलायच्या, पिकअप बदलायचा की गिटारच?

फेंडर कंपनीच्या स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची, अफिनिटी प्रिसिजन किंवा त्याच भावातली एखादी बेस गिटार घरात आहे. वाजते बरी, पण कानात बसलाय तो साठच्या दशकातला आवाज: गोल, आखूड, ड्रमच्या किकला चिकटून चालणारा. अशा वेळी समोर तीन वाटा असतात. तारा बदलून ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे अडकतात तिथे) थोडा फोम कोंबायचा. पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) आणि वायरिंग उपसून नवं बसवायचं. नाहीतर आहे ती विकून स्क्वायरचीच क्लासिक व्हाइब मालिकेतली साठच्या वळणाची प्रिसिजन घ्यायची. दिसण्याचा मामला मी वेगळा धरतो, कारण आवाजाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे आधी पहिल्या वाटेवर घाला, बहुतेकांना तिच्या पुढे जावंच लागणार नाही.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: जुना आवाज म्हणजे नेमका कोणाचा? मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ ची प्रिसिजन वाजवायचा. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तार तुटेपर्यंत तो बदलायचा नाही, असं सांगतात. पण त्याच दशकात ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल रोटोसाउंडच्या करकरीत राउंडवाउंड तारांवर पियानोच्या खालच्या पट्टीसारखा खणखणीत आवाज काढत होता. तोही विंटेजच. तुमचा कान एन्टविसलकडे झुकत असेल तर खालचा बराचसा सल्ला उलटा करा: नव्या राउंडवाउंड तारा घाला, टोन पूर्ण उघडा आणि उरलेले पैसे खिशात ठेवा. पुढचं सगळं जेमर्सनच्या बाजूचं आहे.

तारा आणि फोम

राउंडवाउंड तारेवर गोल वायरचे वेढे असतात, म्हणून ती बोटाला खरखरीत लागते आणि वरच्या पट्टीतले सूर भरपूर सोडते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोट सरकवलं तर आवाज जवळजवळ येतच नाही, चमक लवकर विझते आणि मूळ सूर उरतो. मुंबईच्या घामट हवेत राउंडवाउंडच्या खाचांत मळ बसून त्या काही महिन्यांत मरतात. फ्लॅट मात्र वर्षानुवर्षं चालतात, आणि थोड्या मेल्या की उलट जास्त चांगल्या लागतात. बेसच्या जगात जुनं झाल्यावर सुधारणारी आणि खर्च वाचवणारी वस्तू दुसरी मला आठवत नाही.

सगळ्या फ्लॅट मात्र सारख्या नसतात. डॅडारिओच्या क्रोम्स त्यातल्या त्यात उजळ. राउंडवरून नुकत्याच येणाऱ्याला त्या सोप्या जातात. थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट सैल ताणाच्या, हाताला मऊ आणि खिशाला जड. ला बेलाचा जेमर्सन संच ०.०५२ ते ०.११० इंचांचा, म्हणजे दोरखंडच. आवाज तोच हवा म्हणून तो सरळ स्वस्त बेसवर चढवू नका. एक तर नटच्या (खुंट्यांच्या बाजूला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा इतक्या जाड तारेसाठी कापलेल्या नसतात. ई तार खाचेत बसायच्या ऐवजी वर तरंगते आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. दुसरं, ताण वाढला की नेक, म्हणजे गिटारची मान, पुढे वाकते. मधल्या जाडीचा संच घेतलात तरी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) बघावाच लागतो. तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. ती जास्त असेल तर रॉड पाव फेरा घट्ट करा, पुन्हा सूर लावा, रात्रभर राहू द्या आणि मग परत मोजा. पावसाळ्यात आणि मे महिन्यात हे मोजमाप वेगळं येतं, तेव्हा ॲलन की केसमध्येच असू द्या.

फ्लॅट तार कापण्याची एक रीत आहे. खुंटीच्या पुढे दोन-तीन वेढ्यांपुरती लांबी सोडा, तिथे तार आधी काटकोनात मोडा आणि मोडलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरची पट्टी आतल्या गाभ्यावरून सुटण्याचा धोका असतो, आणि महागडा संच पहिल्याच दिवशी फुकट जातो.

फोमला खर्च नाही. भांडी घासायच्या स्पंजची मऊ बाजू किंवा जुन्या पॅकिंगमधला फोम, चारही तारांखाली पोचेल इतका लांब आणि बोटभर रुंद कापा आणि ब्रिजला टेकवून तारांखाली सरकवा. तारेला तो हलका टेकला पाहिजे. तार वर उचलली जात असेल तर सूर चढतो, मग जाडी कमी करा. ब्रिजपासून पुढे सरकवत गेलात तर आवाज आखूड होत होत शेवटी नुसता ‘ठप’ उरतो. ही पट्टी कुठे ठेवायची हे कानानेच ठरवायचं. त्यावर टोनचा नॉब निम्म्यावर आणा आणि बोट पिकअपवर न ठेवता नेकच्या दिशेने थोडं पुढे घ्या.

पिकअप आणि वायरिंग

या किमतीच्या बेसमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबकाचे पिकअप असतात: तारांखाली छोट्या लोखंडी कांड्या आणि त्यांच्या खाली चुंबकाची पट्टी. जुन्या प्रिसिजनमध्ये त्या कांड्याच अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या असायच्या. फरक खरा आहे. सिरॅमिक वरच्या पट्टीत टोचरा लागतो, अल्निको थोडा ढिला आणि गोल. पण हा फरक मुख्यतः वरच्या सुरांत आहे, आणि ते सूर तुम्ही फ्लॅट तारा, फोम आणि टोनचा नॉब मिळून आधीच काढून टाकलेत. म्हणून पिकअप आधी बदलला तर बोट ठेवण्यासारखा फरक दिसतो. फ्लॅटनंतर बदलला तर बँडमध्ये बसलेल्या कोणाला तो ओळखू येईल अशी मला आशा नाही. चांगल्या पिकअपच्या पैशांत फ्लॅटचे साधारण दोन संच येतात, हेही लक्षात असू द्या.

तरी करायचंच असेल तर प्रिसिजनइतकी सोपी वायरिंग दुसरी नाही. दोन पॉट (नॉबखालचे फिरते रोध), एक कॅपॅसिटर, एक जॅक. पॉट २५० किलोओहमचे घ्या. कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा घाला. आणखी मखमली अंधार हवा असेल तर सुरुवातीच्या प्रिसिजनमध्ये असायचा तसा ०.१ चा. तेलात बुडवलेला कागदी कॅपॅसिटर, ‘जुन्या साठ्यातला’ कॅपॅसिटर, असल्या गोष्टींवर पैसे उडवू नका. मूल्य तेच असेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी चिल्लरमध्ये मिळणारा तेच काम करतो. मोठे अमेरिकन पॉट घेतलेत तर बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमधली भोकं मोठी करावी लागतील. आणि ब्रिजखालून येणारी अर्थची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर तारेवर हात ठेवला तरी गुणगुण थांबत नाही.

की सरळ दुसरी बेस?

क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको पिकअप येतो, नेकवर अंबर झाक असते, खुंट्या जुन्या धाटणीच्या असतात. सध्या ती इंडोनेशियात बनते. यातलं सगळं तुम्ही सुट्या भागांत विकत घेऊन अफिनिटीवर बसवलंत तर बेरीज सहज दोन बेसमधल्या फरकाच्या वर जाते. तिसरी वाट इथे जिंकते. पण गंमत अशी की तिच्यावरही कारखान्यातून राउंडवाउंड ताराच येतात. म्हणजे क्लासिक व्हाइब घेणाऱ्यालाही फ्लॅटचा खर्च चुकलेला नाही.

खरा फरक नेकचा आहे, आणि तो कुठल्याही सुट्या भागाने भरून निघत नाही. अफिनिटीच्या पी-जे मॉडेलची (प्रिसिजनच्या पिकअपसोबत ब्रिजकडे जॅझ बेसचा पिकअप असलेल्या) नेक नटपाशी ३८ मिलिमीटर, म्हणजे फेंडरच्याच जॅझ बेसच्या मापाची. क्लासिक व्हाइबची ४२ च्या आसपास. लहान हाताच्या माणसाला अरुंद नेक वरदान वाटते. ज्याला जुन्या प्रिसिजनची भरदार मूठ हवी आहे, त्याने अफिनिटीवर एक रुपयाही न घालता ती विकावी. दुकानात जाऊन दोन्ही दहा मिनिटं हातात धरा, उत्तर मिळेल.

दिसणं

इथे दोनच गोष्टींनी पैसे वसूल होतात. पहिली, पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची ती प्लॅस्टिकची प्लेट. पांढऱ्या किंवा सनबर्स्ट बॉडीवर कासवाच्या पाठीच्या रंगाची प्लेट बसवली की बेस लगेच वेगळी दिसते. हिरवट झाक असलेली ‘मिंट’ प्लेटही छान. साठच्या दशकातल्या पांढऱ्या सेल्युलॉइड प्लेट काळाने हिरवट पडल्या, त्याची ती नक्कल. पण प्रमाण फेंडरची १३ स्क्रूची प्लेट स्क्वायरच्या भोकांवर बसेलच असं नाही. मॉडेलचं नाव बघून घ्या किंवा जुनी प्लेट साचा म्हणून देऊन कापून घ्या. दुसरी, ब्रिजवरचं क्रोमचं झाकण. ते फोमही लपवतं, आणि पी-जे बेसवरचा मागचा पिकअप काही अंशी झाकतं.

बॉडीवर पॉलिश पेपर घासून ‘जुनी’ करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. ते पातळ, पिवळं पडणारं, थंडी-उन्हाने तडकणारं. स्वस्त बेसवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. तो झिजत नाही, त्याचे टवके उडतात, आणि दिसतं ते अपघात झाल्यासारखं. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) फेंडरचं स्टिकर लावणं तर सरळ फसवणूक आहे. आज हौस म्हणून लावलेलं उद्या तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात खरी म्हणून पडतं.

तर नेक हाताला पटत असेल तर फ्लॅट आणि फोम, नंतर वाटलंच तर प्लेट. पटत नसेल तर क्लासिक व्हाइब आणि फ्लॅट. पिकअप फक्त जुना बिघडला असेल किंवा सोल्डरिंगची हौस असेल तरच. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, नाव लिहून एका डब्यात ठेवा. जुन्या बाजारात विकताना घेणारा मूळ भाग मागतो. तुम्ही घातलेल्या महागड्या पिकअपचे वेगळे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे विकण्याआधी तो उतरवून ठेवायचा आणि पुढच्या बेसवर चढवायचा.