गुलमोहर, बहावा की ताम्हण? इमारतीसमोर एकच झाड लावायचं असेल तर

आमच्या भाऊजींच्या सोसायटीत यंदा पावसाळ्याआधी एक झाड लावायचं ठरलंय. जागा एकाच झाडापुरती, आणि सगळ्यांची अट एकच, उन्हाळ्यात फुलणारं हवं. तीन नावांवर गाडी अडली आहे. गुलमोहर, बहावा आणि ताम्हण. भाऊजींनी मला विचारलं, कारण या तिन्ही झाडांखाली मी उन्हाळे काढले आहेत. ठाण्यातली आमची तीन मजली इमारत, आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर. अंगणात आधी गुलमोहर होता. तो गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, आम्ही फाटकाजवळ बहावा लावला आणि गुलमोहराच्या जागी ताम्हण.

रंगाच्या बाबतीत गुलमोहराला तोड नाही, हे आधी कबूल करतो. साताऱ्यात १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवसात तिथे गेलं की कारण विचारावं लागत नाही. झाड मूळचं मादागास्करचं, पण आता ते कुणाला परकं वाटत नाही. गुलमोहराची फुलं आभाळाकडे तोंड करून उमलतात. त्यामुळे खालच्या मजल्यांना सावली आणि वरच्यांना फुलं, अशी वाटणी होते. आमच्या गॅलरीतून खाली पाहिलं की अख्खं अंगण लाल दिसायचं. पाचपैकी एका पाकळीवर पांढरट छटा आणि लाल ठिपके असतात, ती पाकळी मुलं शोधून काढत. कळ्या सोलून आतले पुंकेसर एकमेकांत अडकवायचे आणि कुणाचं डोकं आधी तुटतं ते पाहायचं, हा खेळ माझ्या मुलीने आमच्याच जिन्यात बसून खेळलाय.

तरीही आज मी गुलमोहर लावणार नाही. कारण त्याची पानं.

लांबून ते पान पिसासारखं सुंदर दिसतं. पण ते शेकडो बारीक पर्णिकांचं असतं आणि एक पर्णिका साधारण पातळ पोह्याएवढी. ती गळते तेव्हा एकेक सुटी होऊन गळते. खराट्याच्या काड्यांमधून निसटते, ओली झाली की फरशीला चिकटते, गाडीच्या वायपरखालच्या जाळीत जाऊन बसते. हे सगळं चाललं असतं. पण फांद्या गच्चीपर्यंत पोचल्या होत्या. एका वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री दोनच्या सुमारास जिन्यातून पाणी वाहण्याचा आवाज आला. वर गेलो तर गच्चीत घोटाभर पाणी. पावसाच्या पाइपच्या तोंडावरची जाळी हाताने चाचपली आणि लगदा उपसायला लागलो. भिजवलेल्या मेंदीसारखा हिरवट-तपकिरी, मुठीमागून मूठ निघतच होता. तोवर पाणी उंबरा ओलांडून जिन्यात उतरलं होतं आणि आईच्या खोलीच्या छताला ओल आली होती. ती ओल पुढे दोनदा रंग देऊनही नीट गेली नाही. त्यानंतर दर शनिवारी गच्ची झाडायचा नेम केला. तरी एक शनिवार चुकला की जाळीवर थर बसलेला असायचाच. मोठं पान जाळीवर पडलं तर उचलता येतं. हा भुगा जाळीच्या भोकांतच जाऊन बसतो.

पुढे एका मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि अर्धं झाड कुंपणाच्या भिंतीवर आलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, त्यामुळे अरुंद अंगणात ही भीती राहतेच. रुंद रस्त्याच्या कडेला किंवा मैदानाच्या काठाला मात्र तो जरूर लावावा. तिथे त्याची छत्री मनासारखी पसरते आणि गच्चीशी त्याचा संबंध येत नाही. सोनमोहराची पानंही अशीच बारीक असतात, म्हणून त्याचं नाव मी यादीत घेतलंच नाही.

बहाव्याबद्दल वाईट लिहायला माझा हात उचलत नाही. एप्रिलमध्ये तो फुलतो तेव्हा फाटकातून आत येणारा माणूस क्षणभर थांबतोच. पिवळे घोस हातभर खाली लोंबतात आणि दुपारभर त्यांत काळे भुंगे घुमत असतात. तळमजल्यावरचं कुटुंब केरळचं आहे. विषू या त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांची आजी पिशवी घेऊन येते, आम्ही तिला दोन घोस उतरवून देतो. बहावा फुलला की साधारण दीड महिन्याने पाऊस येतो, असं जुनी माणसं सांगतात आणि आमच्या फाटकातल्या झाडाने तरी बऱ्याचदा तसाच अनुभव दिलाय. झाड इथलंच, फार पाणी मागत नाही. सोलापूर किंवा संभाजीनगरच्या बाजूला कुणी विचारलं तर मी आधी बहाव्याचंच नाव घेईन.

पण त्याला धीर लागतो. आमच्या झाडावर नीट बहर यायला सात वर्षं गेली. पावसाळ्यात त्यावर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात आणि फांद्याच्या फांद्या खाऊन टाकतात. झाड पुन्हा फुटतं, अळ्यांचा माणसाला त्रास नाही, पण दरवर्षी कुणीतरी फवारणीची मागणी करतं आणि दरवर्षी समजूत घालावी लागते. सर्वांत अडचणीची गोष्ट वेगळीच. ऐन उन्हात, जेव्हा सावली हवी, तेव्हा बहाव्यावर पानं फारशी नसतात. फूल डोळ्यांना गारवा देतं, डोक्याला नाही.

आता ताम्हण. आपल्या राज्याचं फूल, तरी निम्म्या लोकांना झाड दाखवून नाव सांगावं लागतं. जांभळट गुलाबी तुरे फांद्यांच्या टोकांना उभे राहतात आणि खालून वर उमलत जातात. पाकळ्या नुकत्या घडी मोडलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा झुपका. उमललेलं फूल दोन-तीन दिवसांत फिकं होत जातं, त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद जांभळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा दिसतात. मला ते आवडतं. काहींना झाड धुवट वाटतं, तेही मी समजू शकतो. लांबून गुलमोहरासारखं ते हाक मारत नाही.

पण त्याची पानं वीतभर लांब असतात. थंडीत तांबडी होऊन गळतात, एकेक, उचलता येतील अशी. आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी गुलमोहराच्या वेळी अंगणाला अर्धा तास लावायच्या. आता म्हणतात, दोन हात मारले की झालं. गच्चीची जाळी मी अजून तपासतो, पण सवयीने. मार्चअखेर नवी पालवी भरते, म्हणजे मे महिन्यात फूल आणि सावली दोन्ही मिळतात. माझ्याकडे थर्मामीटर नाही, स्कूटरची सीट आहे. दुपारी तीन वाजता बहाव्याखाली लावलेल्या स्कूटरवर आधी फडकं टाकावं लागतं. ताम्हणाखालच्या स्कूटरवर तसंच बसता येतं. पावसाळ्यात कधीकधी आणखी एक हलका बहरही येतो.

उणी बाजू सांगतो. ताम्हण ओढ्या-नद्यांच्या काठचं झाड, त्याला पाणी लागतं. पहिले तीन उन्हाळे आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून दिवसाआड दोन बादल्या घातल्या. एका वर्षी सुट्टीत सगळे गावाला गेलो तेव्हा त्याने माना टाकल्या होत्या. पाणी घालणारा एक तरी भरवशाचा माणूस नसेल तर बहावाच बरा. शिवाय त्याची सुकलेली लाकडी बोंडं महिनोन् महिने फांद्यांवर राहतात, ती काहींना आवडत नाहीत.

झाड कुठलंही घ्या, रोप निदान कमरेच्या वर गेलेलं घ्या आणि बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा, पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला भिडवू नका. वर विजेची तार नाही ना, तेही पाहा. १९७५च्या कायद्यामुळे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. म्हणून जागा आधीच नीट निवडायची.

भाऊजींच्या सोसायटीत अजून मतं घ्यायची आहेत. गुलमोहराच्या बाजूने बरेच जण आहेत, असं ते म्हणाले. रविवारी ते दुपारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. मी त्यांना स्कूटर ताम्हणाखाली लावायला सांगितलंय.