व्हायरस काढून देतो म्हणाले

धाकट्या बहिणीला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते. न्यूरोलॉजिस्टची इंजेक्शनं चालू होती आणि ती बऱ्यापैकी सावरली होती. तेवढ्यात सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत भेटलेल्या एका ओळखीच्यानं शहरातल्या एका 'सेंटर'चा पत्ता दिला.

तिथल्या साहेबानं लॅमिनेट केलेला कागद पुढे ठेवला. हार्वर्डचं संशोधन, २०२२, 'सायन्स'मध्ये छापलेलं. एक कोटीहून जास्त अमेरिकन सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तर एपस्टाइन-बार व्हायरसची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटीनं वाढलेला. नंतर मी शोधलं, त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. फसलो तो त्या खरेपणालाच. खोटं बोलला असता तर मी, पंचवीस वर्षं चादरीच्या धंद्यात घासाघीस केलेला माणूस, तिथंच उठलो असतो.

रक्त तपासलं. व्हीसीए आयजीजी, म्हणजे त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह. "बघा, मूळ सापडलं. सहा आठवड्यांत व्हायरस बाहेर." पॅकेज ७८ हजार, निम्मे रोख. पावती वहीच्या पानावर. सलाईन पिवळसर, बाटलीचं लेबल आधीच फाडलेलं. फोटो काढायचं मला सुचलं नाही, तुम्ही काढा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "तोवर ती इंजेक्शनं बंद ठेवा, शरीर मोकळं राहू दे." आम्ही ठेवली.

दोन महिन्यांनी सकाळी तिचे पाय उचलेनात. पाच दिवस ॲडमिट, स्टेरॉइड. न्यूरोलॉजिस्ट मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "दादा, हा व्हायरस शंभरातल्या पंच्याण्णव मोठ्या माणसांत असतो. त्यातल्या बहुतेकांना एमएस होत नाही. एकदा शिरला की रक्तातल्या बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत जन्मभर दडून बसतो, त्याला हुसकावणारं औषध अजून जगात नाही. तुमच्यातही असेल."

दुसऱ्या दिवशी साध्या लॅबमध्ये माझी तीच तपासणी केली. पॉझिटिव्ह, आकडा बहिणीपेक्षा मोठा. मी रोज होटगी रोडवर चार किलोमीटर चालतो.

तो रिपोर्ट घेऊन सेंटरवर गेलो, पैसे मागायला. साहेबानं चष्मा लावून नीट वाचला.

"बरं झालं लवकर आलात. घरातलेच आहात, दहा हजार कमी करू."