कालची गोदावरी, आजची गोदावरी: द्रव्य की प्रवाह?

नाशिकच्या रामकुंडावरची गोदावरी कालचीच का? वस्तूला स्वतःचं टिकाऊ अस्तित्व (द्रव्य) मानावं की ती नुसता बदलता प्रवाह, असा पेच पडला असेल तर दोन्ही मतं एकाच कसोट्यांवर घासून पाहावीत.

ओळख: नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, 'तीच ही' अशी प्रत्यभिज्ञा (ओळख पटणं) टिकाऊ द्रव्याशिवाय होत नाही. प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते असं मानणारे क्षणिकवादी बौद्ध दिव्याची ज्योत दाखवतात. ती क्षणोक्षणी नवी, सारखेपणामुळे एकच भासते. नदीपुरतं बौद्धांचं पटतं. कालचं पाणी खाली नांदूरमध्यमेश्वराकडे गेलं.

बदल: खरा वाद इथे रंगतो. कच्चा घडा कुंभाराच्या आव्यात (भट्टीत) लाल होतो. न्यायदर्शनाचा पिठरपाक हा सिद्धांत सांगतो, घडा तोच, रंग बदलला. द्रव्यवादी वैशेषिक दर्शनाचा पीलुपाक सांगतो, घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि नवा घडा जुळतो. म्हणजे द्रव्य मानणाऱ्या वैशेषिकांनाही 'तोच घडा' सोडावा लागला!

जबाबदारी: क्षणिकवादाची नड इथे. कर्ज घेणारा क्षण सरला, मग फेडणार कोण? उत्तर 'संतान', म्हणजे कार्यकारणाची अखंड साखळी. चालतं, पण ओढाताण होते.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला मात्र क्षणिकवादात कोंबू नका. अवलंबून उपजतं तेच शून्य, असं तो म्हणतो (मूलमध्यमककारिका, २४.१८). शून्य म्हणजे 'नाहीच' हा अर्थ साफ चुकीचा.

वर्गीकरण आणि तर्क शिकायचा असेल तर वैशेषिकांची नऊ द्रव्यं घ्या. आसक्ती आणि सवयी सोडवायच्या असतील तर नाशिकच्या त्रिरश्मी या बौद्ध लेण्यांतल्या भिक्खूंची अनित्यता (काहीच कायम टिकत नाही ही शिकवण).